बराकी त्याच, नशिबे निराळी

कल्याण सोडून कर्जतच्या बाजूला जाणारी गाडी प्रथम विठ्ठलवाडीला आणि मग उल्हासनगरला थांबते. लग्नसराई जवळ आली की या दोन स्थानकांवर रिकाम्या पिशव्या घेऊन उतरणाऱ्या मंडळींची दाटी होते. गजानन मार्केटात साड्या आणि मानपानाचे कापड, जपानी बाजारात तयार कपडे, फर्निचर बाजारात कपाट आणि पलंग अशी सारी खरेदी उरकली, की ‘दादरपेक्षा किती स्वस्त पडले’ याचा हिशेब परतीच्या गाडीतच सुरू होतो. पावतीवर दुकानाचा पत्ता असतो ‘कॅम्प नंबर दोन’ किंवा ‘कॅम्प नंबर तीन’. हा कॅम्प कोणाचा आणि कशाचा, हे विचारायला त्या गडबडीत कोणाला सवड नसते. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासित आले, हात हलवीत आले आणि बघता बघता व्यापारी झाले. त्यापुढे एक वाक्य हटकून जोडले जाते, ‘सिंधी माणूस जात्याच उद्योगी. त्याला खडकावर नेऊन सोडा, तिथेही तो दुकान घालील!’

वाक्य कौतुकाचे आहे आणि त्यात खोटेही फारसे नाही. परंतु या कौतुकाला एक दुसरी बाजू आहे. त्याच फाळणीने पूर्व बंगालातूनही माणसे हाकलली. त्यांतले कित्येक वर्षानुवर्षे छावण्यांतच राहिले, आणि त्यांच्याविषयी लोक म्हणू लागले की ही माणसे आळशी, सरकारी भत्त्याला सोकावलेली. हा समज आगगाडीच्या डब्यापुरता नव्हता. १९५० नंतरच्या दशकात सरकारी वर्तुळातही तो बोलून दाखविला जात असे. एका प्रांताचे लोक जन्मतः कष्टाळू आणि दुसऱ्या प्रांताचे जन्मतः ऐतखाऊ, ही वाटणी फार सोयीची आहे. ती मान्य करण्यापूर्वी दोन्हीकडच्या छावण्यांचा जमाखर्च एकदा समोरासमोर मांडून पाहिला पाहिजे. माणसाच्या हाती काय दिले, त्याला कुठे नेऊन ठेवले आणि किती काळ टांगणीला लावले, यावर छावणीचे नशीब ठरते. रक्ताचा वाटा त्यात फार थोडा असतो.

पलटणीच्या जागेत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उल्हास नदीच्या काठी सरकारने सैनिकांसाठी एक मोठा तळ उभारला. लांबच लांब बराकी, मध्ये मोठे दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी त्यांची रचना होती. युद्ध संपले, पलटणी गेल्या आणि तळ ओसाड पडला. अशा मोकळ्या पडलेल्या बराकी त्या वेळी देशात ठिकठिकाणी होत्या. १९४७ साली माणसांचे लोंढे आले तेव्हा सरकारच्या हाती आयते छप्पर होते ते हेच. म्हणून आपल्याकडच्या कितीतरी निर्वासित वसाहतींचा पाया युद्धाने घातलेला दिसतो.

सिंधची कहाणी पंजाबहून थोडी वेगळी आहे. पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली, सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. तिथे हिंदू वस्ती सुमारे चौथाई होती. शहरांतला व्यापार, सावकारी आणि सरकारी नोकऱ्या यांत तिचा भरणा मोठा होता. ऑगस्ट १९४७ मध्ये या लोकांना घर सोडण्याची घाई नव्हती. राज्य बदलले तरी आपण राहू, असे पुष्कळांना वाटत होते. पण सरहद्दीपलीकडून आलेल्या मुसलमान निर्वासितांनाही घरे हवी होती, आणि हिंदूंच्या घरांकडे डोळे वळू लागले. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि धीर सुटला. कोणी गाडीने राजस्थानात उतरले, कोणी बोटीने काठेवाडच्या बंदरांत, आणि हजारो कुटुंबे मुंबईच्या गोदीवर येऊन थडकली.

मुंबई आधीच भरलेली होती. आलेल्या माणसांनी शहरात पसरू नये, म्हणून मुंबई सरकारने १९४८ साली कायदाच केला. निर्वासिताने नोंदणी करावी आणि सांगितलेल्या छावणीत राहावे, असा त्याचा रोख होता. कल्याणच्या बराकी अशा रीतीने भरल्या. एकेका दालनात अनेक कुटुंबे आणि मध्ये गोणपाटाचे नाहीतर जुन्या साडीचे पडदे. पाण्याला रांग, शिध्याला रांग, संडासाला रांग. हैदराबादेस किंवा शिकारपुरास दुमजली घरात राहिलेल्या बायका पडद्याआड चूल मांडून बसल्या. पाहता पाहता त्या पाच कॅम्पांत सुमारे लाखभर माणूस जमा झाले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिथे नव्या नगराची कोनशिला बसविली आणि नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या क्षणी त्या नावात उल्हास होता तो नदीचाच.

हात खरेच रिकामे होते काय?

ही माणसे हात हलवीत आली, असे आपण म्हणतो. दागिने आणि रोकड कराचीच्या धक्क्यावर झडतीत गेली, घरे-जमिनी मागे राहिल्या, इथपर्यंत ते खरे आहे. पण ज्या मालाची झडती घेता येत नाही असा काही माल त्यांच्याबरोबर आला, आणि पुढे तोच कामी आला.

पहिला माल म्हणजे पत. शिकारपूरच्या सराफांची हुंडी एके काळी थेट बुखाऱ्यापर्यंत चालत असे. हैदराबादच्या ‘सिंधवर्की’ पेढ्या १८६० च्या सुमारापासून परदेशी जाऊ लागल्या होत्या. माल्टा, जिब्राल्टर, इजिप्त, जावा, जपान अशी त्यांची दुकाने पसरलेली होती. सिंध गेला तरी ती दुकाने गेली नाहीत. एखाद्याचा मामा कोबेला असे, एखाद्याचा चुलता मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात दलाली करीत असे. तारण नसताना कापडाचे चार तागे उधार मिळत ते या ओळखीवर. सर्वांनाच ही ओळख नव्हती हेही सांगितले पाहिजे. खेड्यांतून आलेले लहान दुकानदार, कारागीर आणि विधवा यांच्या वाट्याला बराकीचा पडदाच आला. पण समाजात वर कोठेतरी भांडवल खेळते असले की त्याचा ओलावा खालपर्यंत झिरपतो.

दुसरा माल म्हणजे कागद. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजचे विद्यार्थी फाळणीपर्यंत मुंबई विद्यापीठाची पदवी घेत. त्यामुळे बी. ए. झालेला आमिल तरुण मुंबईत उतरला तेव्हा त्याच्या पदवीचा कागद येथल्या कचेऱ्यांत ओळखीचा होता. त्या कॉलेजातल्या अध्यापकांनी १९४८ साली मुंबईत जय हिंद कॉलेज काढले. हैदराबादच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य कुंदनानी यांनी १९४९ साली वांद्र्याला त्याच नावाचे कॉलेज उभे केले. आज आपली मुले ज्या कॉलेजांच्या प्रवेशासाठी रांगा लावतात, त्यांतली काही अशी निर्वासित होऊन आलेली आहेत.

तिसरी गोष्ट त्यांनी आणली नव्हती, ती त्यांना इथे मिळाली. ती म्हणजे आगगाडी. कल्याण हे मुंबईहून येणाऱ्या लोहमार्गाला दोन फाटे फुटण्याचे ठिकाण. पहाटे निघून काळबादेवीला माल उचलावा आणि दुपारी छावणीत विकावा, हे रोज करता येत असे. पोरांनी लोकलच्या डब्यांत सुया, कंगवे, गोळ्या विकल्या. बायकांनी बराकीबाहेर खाटा टाकून पापड वाळविले आणि पुरुषांनी ते दारोदार नेले. अल्प नफा आणि झटपट उलाढाल, हे त्यांचे सूत्र होते. सिंधी वाणी साखर खरेदीच्याच भावाने विकतो आणि रिकामे पोते हाच आपला नफा समजतो, अशी एक आख्यायिका तेव्हापासून चालत आली आहे. गिऱ्हाइकाला ती गमतीची वाटे. शेजारच्या जुन्या दुकानदाराला ती गंमत वाटत नसे. त्याच्या तोंडी मग ‘निर्वासित’ हा शब्द शिवीसारखा येऊ लागला. आपल्याला निर्वासित म्हणू नका, ‘पुरुषार्थी’ म्हणा, असे सिंधी-पंजाबी मंडळी सांगू लागली ती यामुळेच.

भरपाईचे गणित

एवढ्यावरही छावणीचे नगर झाले नसते. त्यासाठी सरकारच्या तिजोरीकडून आणि कायद्याकडून एक गोष्ट घडावी लागली. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांच्या मालमत्तेची मोजदाद झाली.

कल्पना साधी होती. इकडून पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांची घरे, दुकाने आणि जमिनी सरकारने ताब्यात घेतल्या. तिकडून आलेल्यांनी मागे काय सोडले, त्याचे दावे १९५० च्या कायद्याखाली नोंदविले आणि तपासले गेले. ‘क्लेम’ हा इंग्रजी शब्द तेव्हा छावणीतल्या अडाणी आजीच्याही तोंडी बसला होता. १९५४ साली नुकसानभरपाई आणि पुनर्वसन यांचा कायदा झाला. त्यात मागे राहिलेल्या मालमत्तेचा आणि सरकारने बांधलेल्या घरांचा एकच साठा करून त्यातून भरपाई द्यावयाची होती. लहान दावेदाराला टक्केवारीने जास्त आणि मोठ्याला कमी, असा क्रम लावला गेला. रुपयाला रुपया कोणालाच मिळाला नाही. पण ज्या बराकीत माणूस राहत होता तीच क्लेमपोटी त्याच्या नावावर होऊ शकत होती. ज्या दिवशी भिंत आपली होते त्या दिवशी माणूस तिला दार पाडतो, पुढे ओटा बांधतो आणि ओट्यावर दुकान मांडतो. छावणीचा बाजार होण्याची क्रिया ती हीच.

याला जोडून आणखी एक गोष्ट झाली. पश्चिमेकडच्या छावण्यांतला मोफत शिधा बहुतांशी दोन-तीन वर्षांतच बंद झाला. त्याच सुमारास कर्जे, हातकामाचे शिक्षण आणि दुकानांचे गाळे यांची व्यवस्था होत गेली. पुढे आसपास कारखानेही आले. शहाडला सेंच्युरी रेयॉन आली, अंबरनाथला रसायनांचे कारखाने वाढले. भत्ता थांबला तेव्हा दुसरी वाट दिसत होती. १९६० साली नगरपालिका आली आणि १९९६ साली महानगरपालिका.

रानाघाटची बराक

आता पूर्वेकडे वळू. नदिया जिल्ह्यात रानाघाटजवळ कूपर्स कॅम्प नावाची छावणी होती. त्याच जिल्ह्यात धुबुलियाला दुसरी होती. दोन्ही जागा युद्धकाळात लष्कराने वापरलेल्या, कल्याणसारख्याच. १९५० साली पूर्व बंगालात मोठ्या दंगली झाल्या आणि या छावण्या तुडुंब भरल्या. छप्पर एकाच जातीचे होते. छपराखालच्या माणसाला मिळालेली वागणूक मात्र वेगळी होती.

८ एप्रिल १९५० रोजी नेहरू आणि लियाकत अली यांचा करार झाला. बंगालमधील अल्पसंख्यांना दोन्ही बाजूंनी संरक्षण मिळावे आणि गेलेल्यांनी परत यावे, हा त्याचा हेतू. हेतू उदात्त होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की बंगाली निर्वासिताची मागे राहिलेली मालमत्ता कागदोपत्री त्याचीच राहिली. तो परत जाणार, असे गृहीत धरले गेले. मग त्याचा क्लेम कसला आणि भरपाई कसली? पश्चिमेकडे मुसलमान मोठ्या संख्येने गेले म्हणून वाटायला घरे-जमिनी होत्या. पूर्वेकडे तसा साठाच तयार झाला नाही. खुलना-बारिसालमध्ये पंधरा बिघे भातखाचर सोडून आलेल्या शेतकऱ्याच्या हाती राहिला तो रोख भत्ता. म्हातारे, अपंग आणि कर्ता पुरुष नसलेल्या बायका यांच्यासाठी सरकारी दप्तरात एक वेगळे सदर होते, ‘कायमची जबाबदारी’. ज्या बाईचे नाव त्या सदरात पडले तिने पुढे पापड लाटून चार पैसे मिळविले असते की नाही, हे आता कोणी सांगावे? तिला कामाचे माणूस समजून कोणी पाहिलेच नाही.

काळाचा फरकही मोठा आहे. पश्चिमेकडून लोक आले ते एका सपाट्यात, वर्ष-दोन वर्षांत. पूर्वेकडून ते लाटांनी येत राहिले. १९५८ पर्यंत सरकारी मोजणीत ही संख्या सुमारे ४१ लाखांवर गेली होती. प्रत्येक लाटेला ‘ही शेवटची’ असे म्हटले गेले आणि प्रत्येक वेळी तो अंदाज चुकला. सरकारने कंटाळून तारखांच्या रेघा मारल्या. एप्रिल १९५८ ते डिसेंबर १९६३ या काळात आलेल्यांना निर्वासित म्हणून मदतच मिळावयाची नव्हती. १९६४ पासून आलेल्यांना मिळाली ती पश्चिम बंगालच्या बाहेर जाण्याच्या अटीवर. एकाच गावातून, एकाच भीतीने निघालेले दोघे भाऊ तारखेच्या दोन बाजूंना पडले तर एक निर्वासित ठरे आणि दुसरा कोणीच ठरत नसे.

छावणीबाहेरचे बंगाली निर्वासित भत्त्यावर जगले नाहीत, हेही विसरता कामा नये. शिकलेल्या, वरच्या जातींच्या कुटुंबांनी कलकत्त्याच्या दक्षिणेस मोकळ्या जागा बळकावून वसाहती उभारल्या. जादवपूरजवळचे बिजयगड हे असेच, आणि तिथेही युद्धकाळातल्या बराकी होत्याच. शहर जवळ, शिक्षण हाताशी, राजकीय पक्ष पाठीशी, त्यामुळे या वसाहती पुढे कायदेशीर झाल्या. छावणीत अडकले ते बहुतेक नामशूद्र शेतकरी, ज्यांचे शहरात ओळखीचे कोणी नव्हते आणि ज्यांच्याजवळ भातशेती व मासेमारी यांखेरीज दुसरी विद्या नव्हती. म्हणजे एकाच प्रांताच्या, एकच भाषा बोलणाऱ्या लोकांतही दोन नशिबे झाली. ‘बंगाली स्वभाव’ हे त्याचे कारण असते तर दोन्ही नशिबे सारखी निघाली असती.

दंडकारण्य

पश्चिम बंगालातल्या छावण्या मोडून टाकण्याचे १९५८ साली ठरले, आणि त्याच वर्षी दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन झाले. ओरिसातील कोरापूट व कलाहंडी आणि मध्य प्रदेशातील बस्तर, असा हा मुलूख. जंगल तोडून जमीन काढावी, प्रत्येक कुटुंबाला सहा-सात एकर द्यावे, बैलजोडी आणि घर द्यावे, अशी योजना होती. कागदावर ती कल्याणच्या बराकीपेक्षा कितीतरी उदार दिसते. पण ज्या शेतकऱ्याच्या आजोबा-पणजोबांनी गुडघाभर पाण्यात भात लावले त्याला मुरमाड माळ मिळाला. पाण्याची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती. नदीवर होडी घालणाऱ्या माणसाच्या आसपास मैलोगणती स्टेशन नव्हते. प्राधिकरणाचे अध्यक्षपद भूषविलेले सैबल गुप्त यांनीच १९६५ साली या योजनेतील दोष लेख लिहून उघडे केले.

रायपूरजवळ माना येथे मोठी छावणी होती. १९६४ च्या दंगलीनंतर आलेले लोक तिथे ठेवले गेले. ही जागा कायमची नव्हती. जमीन तयार होईपर्यंत थांबण्याची ती धर्मशाळा. पण धर्मशाळेत वर्षे गेली. उद्या हलावयाचे आहे असे ज्याला रोज सांगितले जाते तो आज झाड लावीत नाही, दुकान मांडीत नाही, कोणी त्याला उधारही देत नाही. ऐतखाऊपणा म्हणतात तो पुष्कळदा असा तयार होतो.

१९७८ साली दंडकारण्यातल्या हजारो कुटुंबांनी आपले किडूकमिडूक विकले आणि ती बंगालकडे परत निघाली. सुंदरबनातल्या मरीचझांपी नावाच्या बेटावर त्यांनी सरकारी मदतीशिवाय वसाहत केली. बांध घातले, विहिरी खणल्या, शाळा आणि दवाखाना काढला, मासेमारी सुरू केली. ज्यांना वीस वर्षे आळशी म्हटले तीच ही माणसे. परंतु बेट राखीव जंगलात होते. जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने त्याची नाकेबंदी केली, अन्न-पाणी अडविले, गोळीबार झाला आणि मे महिन्यात वसाहत उठविण्यात आली. त्यात किती माणसे मेली, याच्या आकड्यांवर अजून वाद आहे. माणसे मेली, यावर नाही.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. गडचिरोलीच्या चामोर्शी आणि मुलचेरा भागात बंगाली निर्वासितांची गावे आहेत. तिथे अंगणात तुळशीजवळ बंगाली बोलली जाते आणि तळ्यात मासे पाळले जातात. आपल्या राज्यात उल्हासनगरही आहे आणि मुलचेराही आहे. एक मुंबईच्या लोकलवर, दुसरे जंगलात. दोन्ही गावांचे नकाशे शेजारी ठेवले तरी या लेखाचे निम्मे म्हणणे सिद्ध होईल.

जमीन कोणाची होती?

छावणीच्या हिशेबात एक खाते बहुधा कोरे सोडले जाते. ते म्हणजे आधीच्या मालकाचे. दंडकारण्याचे जंगल रिकामे नव्हते, तिथे आदिवासी राहत होते. उपटलेल्या माणसाला रोवण्यासाठी दुसऱ्याच्या मुळाशी कुदळ घातली गेली. कल्याणच्या परिसरातही युद्धकाळात शेतकऱ्यांच्या जमिनी लष्कराच्या कामासाठी घेतल्या गेल्या. नेवाळीची धावपट्टी त्यांतलीच. युद्ध संपले तरी जमीन परत मिळाली नाही, म्हणून तिथल्या गावकऱ्यांनी २०१७ साली मोठे आंदोलन केले. पंचाहत्तर वर्षे हा राग जिवंत राहिला.

उल्हासनगरचे यशही निर्भेळ नाही. घाईने बांधलेले मजले, कागदपत्रांचे घोळ, आणि बेकायदा इमारती नियमित करण्यासाठी २००६ साली करावा लागलेला खास कायदा, ही त्याची एक किंमत. जीन्स रंगविण्याच्या कारखान्यांनी काळी केलेली वालधुनी नदी ही दुसरी. तिसरी किंमत पैशात सांगता येत नाही. सिंधी भाषेला १९६७ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली, पण तिला प्रांत उरला नाही. सिंधी माध्यमाच्या शाळांचे वर्ग ओस पडत गेले. आजोबांची अरबी वळणाची लिपी नातवाला वाचता येत नाही. दुकान मोठे झाले, पण आजोबांचे पत्र वाचायला घरात कोणी राहिले नाही. मराठीच्या अध्यापकाला ही किंमत सर्वांत मोठी वाटली तर त्यात नवल नाही.

आजच्या छावण्या

हा सारा इतिहास झाला, असे म्हणून बाजूला सारता आला असता तर बरे होते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०२४ अखेर जगात सुमारे १२ कोटी ३० लाख माणसे बळजबरीने घराबाहेर काढलेली होती. त्यांतले बहुसंख्य आपल्याच देशात विस्थापित आहेत. देशाबाहेर पडलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना आसरा दिला आहे तो श्रीमंत देशांनी नाही, मध्यम आणि गरीब देशांनी.

आपल्या शेजारी बांगलादेशात कॉक्स बझारच्या टेकड्यांवर दहा लाखांहून अधिक रोहिंग्या राहतात. २०१७ च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांतच म्यानमारमधून सात लाखांवर माणसे तिथे आली. बांगलादेशाने त्यांना उतरू दिले, हे त्या गरीब देशाचे मोठेपण आहे. परंतु त्यांना उघडपणे नोकरी-धंदा करण्याची परवानगी नाही. ती जगतात शिध्यावर. देणगीदारांचा हात आखडला तेव्हा २०२३ साली माणशी महिन्याचा १२ डॉलरचा शिधा ८ डॉलरवर आला. पुढे तो वाढविला गेला, पण दूर देशीच्या अंदाजपत्रकावर इथल्या मुलाचे जेवण अवलंबून, ही स्थिती कायम राहिली. रानाघाटचीच ही मोठी आवृत्ती आहे. उलट आफ्रिकेतील युगांडाने २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याचा आणि हिंडण्या-फिरण्याचा हक्क दिला, आणि तो कसण्यासाठी जमिनीचा तुकडाही देतो. तिथे सारे सुखी आहेत असे नाही. पैसा तिथेही अपुरा आहे. पण तिथला निर्वासित निदान बाजारात उभा राहू शकतो.

छावणी ही काही अर्थव्यवस्थेबाहेरची जागा नसते. तिथेही शिधा विकला जातो, रॉकेलचा भाव ठरतो, मजुरी ठरते. काम करण्यास बंदी घातली तर माणूस काम करणे सोडत नाही. तो ते चोरून आणि निम्म्या मजुरीत करतो. त्या निम्म्या मजुरीचा फायदा बाहेरच्या कोणाला तरी मिळतोच. मग तोच बाहेरचा माणूस ‘या लोकांनी आमचे पोट मारले’ असे म्हणू लागतो.

म्हणून पुढच्या वेळी कोठेही छावणी उभी राहिल्याची बातमी वाचली की आपण त्या माणसांची जात आणि स्वभाव विचारू नये. चार साधे प्रश्न विचारावेत. तिथून स्टेशन किती दूर आहे? त्यांना काम करू देतात काय? मागे राहिलेल्या घराची कोणी नोंद घेतली काय? आणि ज्या जमिनीवर ते उतरले ती कोणाकडून घेतली? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे वीस वर्षांनी तिथे बाजारपेठ दिसेल की मरीचझांपी, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कल्याणच्या बराकीतल्या माणसाने कष्ट केले, हे खरेच. रानाघाटच्या बराकीतला माणूसही कष्टाला तयार होता. त्याला ते करण्याची जागा दिली गेली नाही, एवढेच.